लेव्ह व्हायगॉट्स्की : चिठ्ठी निघाली म्हणून विद्यापीठात गेलेला मुलगा आणि 'ढ' मुलांचा प्रश्न

टीईटी किंवा बी.एड.ची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना लेव्ह व्हायगॉट्स्की हे नाव तोंडपाठ असते. पियाजे म्हटले की विकासाच्या अवस्था, स्किनर म्हटले की प्रबलन, व्हायगॉट्स्की म्हटले की समीप विकासाचे क्षेत्र. चार पर्याय, एक गोल काळा करायचा, एक गुण मिळवायचा. या माणसाचे आयुष्य मात्र गाईडमध्ये नसते. आम्ही वस्तीपातळीवर मुलांच्या शिक्षणाचे काम करतो आणि आमचे स्पष्ट मत आहे की हे आयुष्य आंबेडकरी समाजाने मुद्दाम वाचले पाहिजे. ज्याला जन्मावरून दाराबाहेर ठेवण्याची सरकारी व्यवस्था होती, त्याच माणसाने पुढे बुद्धी कशी मोजतात यावरच प्रश्नचिन्ह लावले.

व्हायगॉट्स्की यांचा जन्म 17 नोव्हेंबर 1896 चा, आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा गावचा. त्यांच्या जन्मानंतर वर्षभरात कुटुंब गोमेल शहरात आले. आठ भावंडांत ते दुसरे. वडील बँकेत अधिकारी, आई शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतलेली. घरात पुस्तके होती, चर्चा होत्या, पोटापाण्याची चिंता नव्हती. म्हणजे दारिद्र्य हा त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो ज्यू असण्याचा.

झारच्या रशियात ज्यूंना कुठेही राहता येत नसे. साम्राज्याच्या पश्चिमेकडचा एक पट्टा त्यांच्यासाठी ठरवून दिलेला होता आणि बहुतेकांना त्याच्या बाहेर कायमचे वास्तव्य करण्यास मनाई होती. गावकुसाबाहेर राहण्याचा अर्थ ज्यांना समजावून सांगावा लागत नाही, त्यांना हेही समजावून सांगावे लागणार नाही. सरकारी नोकऱ्यांची दारे बंद होती. 1903 मध्ये गोमेलमध्ये ज्यूविरोधी दंगल उसळली तेव्हा लेव्ह सात वर्षांचाही झालेला नव्हता.

सुरुवातीला या मुलाचे शिक्षण घरीच झाले. शिकवायला येणारे सॉलोमन अॅशपिझ हे गृहस्थ क्रांतिकारी कामासाठी सायबेरियात हद्दपारी भोगून आलेले होते. ते थेट उत्तर देत नसत, प्रश्नामागून प्रश्न विचारून मुलालाच उत्तरापर्यंत नेत असत. पुढे आयुष्यभर ज्या सिद्धांतावर व्हायगॉट्स्की यांनी काम केले, त्याचा पहिला अनुभव त्यांना या शिकवणीतच मिळाला असावा असे आम्हांला वाटते. नंतर खासगी ज्यू शाळेत शिकून 1913 मध्ये ते सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाले.

आता खरी गोष्ट सुरू होते. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांसाठी तीन टक्क्यांची मर्यादा होती. सुवर्णपदक मिळवणाऱ्याला त्या तीन टक्क्यांत जागा मिळण्याची बरीच खात्री असे. पण नेमक्या त्याच वर्षी, लेव्ह परीक्षा देत असतानाच, शिक्षणमंत्र्यांचा हुकूम निघाला की ज्यू विद्यार्थ्यांची निवड यापुढे गुणांवर होणार नाही, चिठ्ठ्या टाकून होईल. हुशार ज्यू मुले आत येतात, ती येऊ नयेत, एवढाच हेतू. लेव्ह यांनी आशा सोडली होती. सेम्योन डोबकिन या मित्राने मात्र तुझीच चिठ्ठी निघणार म्हणून पैज लावली. पुस्तकाची पैज. चिठ्ठी खरोखरच निघाली.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडे आरक्षणाची चर्चा निघाली की 'कोटा' हा शब्द कसाही वापरला जातो. झारचा तीन टक्क्यांचा कोटा हे छत होते, याच्या वर तुम्ही जायचे नाही, तुमचे गुण कितीही असोत. आपल्या संविधानातले आरक्षण शतकानुशतके बंद ठेवलेले दार उघडण्यासाठी आहे. दोन्हींना एकच शब्द लावून गुणवत्तेवरचा अन्याय म्हणून गळा काढणाऱ्यांनी 1913 चे मॉस्को जरूर पाहावे. तिथे गुणवत्तेचा गळा घोटला गेला तो वरच्यांनी खालच्यांना बाहेर ठेवण्यासाठी. आणि योगायोग असा की त्याच 1913 मध्ये बाबासाहेब सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले. दोघांची भेट कधी झाली नाही, पण काळ तोच होता.

मॉस्को विद्यापीठात व्हायगॉट्स्की यांनी आईवडिलांच्या आग्रहाने वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला आणि थोड्याच दिवसांत ते सोडून कायद्याकडे वळले. मन साहित्यात आणि तत्त्वज्ञानात होते, पण ते शिकून ज्यू माणूस फार तर शिक्षक होणार, आणि सरकारी शाळेत ज्यूला नोकरी नाही. वकिलाला निदान ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेर राहता येत असे. म्हणून एकीकडे कायदा आणि दुसरीकडे शान्याव्स्की लोकविद्यापीठात इतिहास आणि तत्त्वज्ञान, असे दुहेरी शिक्षण त्यांनी घेतले. हे लोकविद्यापीठ धर्म, लिंग किंवा आधीचे प्रमाणपत्र न पाहता सर्वांना घेत असे. त्याच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. पण 1911 मध्ये सरकारी दडपशाहीच्या निषेधार्थ मॉस्को विद्यापीठाचा राजीनामा दिलेले अनेक नामवंत प्राध्यापक तिथे शिकवत होते. प्रबंधासाठी व्हायगॉट्स्की यांनी विषय निवडला शेक्सपिअरचा हॅम्लेट.

1917 मध्ये क्रांती झाली, ज्यूंवरचे कायदेशीर निर्बंध उठले आणि व्हायगॉट्स्की गोमेलला परतून शिक्षक झाले. सहा-सात वर्षे त्यांनी साहित्य आणि मानसशास्त्र शिकवले, शिक्षकांच्या महाविद्यालयात एक छोटी मानसशास्त्र प्रयोगशाळा काढली. याच काळात घरात क्षयरोग शिरला. भाऊ त्यात गेला आणि लेव्ह यांनाही तो जडला. तेव्हा या रोगावर औषध नव्हते. पुढची सगळी वर्षे ते आजारपणाशी झगडतच काम करत राहिले.

जानेवारी 1924 मध्ये लेनिनग्राडला मानसशास्त्राची मोठी परिषद होती. गोमेलसारख्या आडगावातून आलेला, मानसशास्त्राची पदवी नसलेला सत्तावीस वर्षांचा शिक्षक व्यासपीठावर उभा राहिला. हातात ना लिहिलेले भाषण, ना टिपणे. त्या काळी रशियात पावलॉव्ह यांच्या प्रतिक्षिप्त क्रियांचा दबदबा होता. घंटा वाजली, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटले, आणि माणसाचे वागणेही याच नियमाने समजावून सांगता येईल असा अनेकांचा विश्वास होता. व्हायगॉट्स्की यांनी मांडले की माणसाला जाणीव आहे आणि तिला वगळून माणसाचे मानसशास्त्र होऊच शकत नाही. श्रोत्यांत अलेक्झांडर लुरिया हे तरुण शास्त्रज्ञ होते. ते एवढे प्रभावित झाले की त्यांनी पुढाकार घेऊन व्हायगॉट्स्की यांना मॉस्कोच्या प्रायोगिक मानसशास्त्र संस्थेत बोलावून घेतले. नुकतेच लग्न झालेले हे जोडपे तिथे संस्थेच्या तळघरात राहू लागले. त्यानंतर काम करायला मिळाली ती अवघी दहा वर्षे.

मॉस्कोत त्यांच्याकडे सुरुवातीला काम आले ते अंध, मूकबधिर आणि मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांचे. महायुद्ध, यादवी आणि दुष्काळ यांनी रशियात लाखो मुले अनाथ, बेघर केली होती. या मुलांकडे पाहताना व्हायगॉट्स्की यांनी जे मांडले ते आजही आपल्या व्यवस्थेच्या पचनी पडलेले नाही. ते सांगत की अंध मुलाला अंधत्व आपण समजतो तसे जाणवत नाही. त्याची अडचण होते ती इतर माणसांनी त्याला वेगळे काढल्यामुळे. शरीरातल्या उणिवेपेक्षा त्या उणिवेचा समाजाने केलेला परिणाम जास्त जड असतो. एका वाटेने जाता येत नसेल तर दुसरी वाट काढायची. डोळ्यांनी वाचता येत नसेल तर बोटांनी वाचायचे, वाचन तेच राहते. 1925 मध्ये मूकबधिरांच्या शिक्षणावरील परिषदेसाठी ते लंडनला गेले. तो त्यांचा एकमेव परदेश प्रवास. परतल्यावर क्षयरोग उफाळला आणि कित्येक महिने रुग्णालयात गेले.

माणूस शिकतो कसा, या प्रश्नावरचे त्यांचे उत्तर समजायला फार जड नाही, पुस्तकांनी ते जड केले आहे. तान्हे मूल दूरच्या खेळण्याकडे हात करते. त्याला ते फक्त पकडायचे असते. आई येते, हात पाहते, खेळणे देते. आईने त्या हाताला अर्थ दिला. काही दिवसांनी मूल आईकडे पाहून हात करू लागते आणि पकडण्याची धडपड ही दाखवण्याची खूण होते. व्हायगॉट्स्की यांचे म्हणणे असे की माणसाची प्रत्येक वरची मानसिक शक्ती अशीच येते, आधी दोन माणसांमध्ये आणि मग एका माणसाच्या आत.

स्मरणशक्तीचेच पाहा. रुमालाला गाठ मारून आठवण ठेवणाऱ्या माणसाचे उदाहरण ते देत. आपल्या आजीने पदराला मारलेली गाठ हीच. जनावरही आठवण ठेवते, पण आठवण राहावी म्हणून बाहेर खूण करते ते माणूस. मराठीने तर ही गोष्ट शब्दातच ठेवली आहे, आपण मनाशी खूणगाठ बांधतो. गाठ आधी पदराला होती, नंतर ती मनात गेली. लिपी, अंक, नकाशे या सगळ्या समाजाने तयार केलेल्या गाठीच आहेत आणि ज्या मुलाला त्या मिळाल्या नाहीत त्याची बुद्धी कमी असे म्हणणे म्हणजे ज्याला विहिरीवर दोर दिला नाही त्याला तहान नाही असे म्हणण्यासारखे आहे.

मुले काम करताना स्वतःशी बोलतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे, जे योगायोगाने 1896 मध्येच जन्मलेले, या बोलण्याला आत्मकेंद्री म्हणत. मूल दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहू शकत नाही, म्हणून असे बोलते, आणि मोठे होताना ते आपोआप विरते असे त्यांचे मत. व्हायगॉट्स्की यांनी प्रयोग केले. चित्र काढणाऱ्या मुलाला हवा असलेला रंग किंवा कागद द्यायचा नाही, मुद्दाम अडचण उभी करायची. अडचण आली की हे स्वतःशी बोलणे जवळपास दुप्पट होई. साडेपाच वर्षांच्या एका मुलाची त्यांनी नोंदवलेली गोष्ट आम्हांला फार आवडते. तो ट्रामचे चित्र काढत होता आणि चाक काढताना पेन्सिल मोडली. मोडले असे तो स्वतःशीच पुटपुटला, पेन्सिल बाजूला ठेवली, रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढू लागला. त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दाने त्याचे पुढचे काम ठरवले. मोठेपणी हे बोलणे विरत नाही, आत जाते, आणि त्यालाच आपण विचार म्हणतो. आधी आई सांगते की विस्तवाला हात लावू नकोस, मग मूल स्वतःलाच मोठ्याने तसे सांगते, शेवटी काहीच न बोलता हात मागे घेते. शिस्त अशी येते. सतत ओरडा आणि अपमानच ऐकलेल्या मुलाच्या आत कोणता आवाज जाऊन बसत असेल, याचा विचार शाळांनी करावा.

आता ज्यासाठी त्यांचे नाव परीक्षेत येते त्या मुद्द्याकडे येऊ. त्या काळी सोव्हिएत शाळांत बुद्धिमापन चाचण्यांचे पेव फुटले होते. मुलाला चाचणी लावायची, आकडा काढायचा, त्यावरून वर्ग ठरवायचा. व्हायगॉट्स्की यांनी एक साधे उदाहरण घेतले. दोन मुले, चाचणीनुसार दोघांचे मानसिक वय आठ. चाचणी इथे थांबते. ते पुढे गेले. दोघांना आठ वर्षांच्या पुढची गणिते दिली आणि थोडी मदत केली, एखादा प्रश्न विचारला, पहिली पायरी दाखवली. एक मूल नऊ वर्षांच्या पातळीपर्यंत गेले, दुसरे बारा वर्षांच्या. मग ही दोन मुले सारखी कशी? मूल एकटे काय करते आणि जाणत्याच्या सोबतीने काय करू शकते, यामधले अंतर म्हणजेच समीप विकासाचे क्षेत्र. आज सोबतीने जमले ते उद्या एकट्याने जमते. शिकवणे त्या क्षेत्रात झाले पाहिजे. जे जमतेच ते पुन्हा शिकवणे व्यर्थ, आणि जे सोबतीनेही जमत नाही ते लादणे क्रूर.

(परीक्षा देणाऱ्यांसाठी एक सूचना : 'स्कॅफोल्डिंग' हा शब्द व्हायगॉट्स्की यांचा नाही. तो जेरोम ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये वापरला. गाईडमध्ये दोन्ही एकत्र कोंबलेले असते.)

आपल्या वस्त्यांतल्या किती मुलांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवले गेले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. एका मुलाला घरी इंग्रजी वाचणारा बाप, शिकवणीचे सर आणि अभ्यासाची खोली असते. दुसऱ्याची आई सकाळी सहाला धुणीभांड्याला जाते आणि घरात शाळेची पायरी चढलेले पहिले माणूस तोच असतो. परीक्षेत दोघे एकटे बसतात आणि आपण म्हणतो की परीक्षा निःपक्षपाती आहे. पहिला मुलगाही एकटा नसतो, त्याच्या मागे आयुष्यभराची सोबत उभी असते, ती फक्त परीक्षागृहात दिसत नाही. एका शाळेत आठवीतल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर आकलन कमी असा शेरा आम्ही पाहिला होता. तीच मुलगी आमच्या अभ्यासिकेत, शेजारी बसून कोणी पहिले उदाहरण सोडवून दाखवले की पुढची चार स्वतः सोडवत असे.

बौद्धांना ही गोष्ट नवी वाटू नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथक थेरांची कथा येते. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्यांना विहारातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्यांना परत आणले आणि हातात एक स्वच्छ वस्त्र दिले, ते उन्हात बसून चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्या मळण्यातून चूळपंथकांना अनित्यता उमगली. पाठांतराच्या चाचणीत नापास झालेला भिक्खू अर्हतपदाला पोहोचला. तथागतांनी त्यांची बुद्धी मोजत न बसता त्यांना जमेल अशी वाट शोधली.

व्हायगॉट्स्की यांच्या कामातली एक बाजू मात्र आम्हांला खटकते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. 1931 आणि 1932 मध्ये लुरिया यांनी उझबेकिस्तानच्या खेड्यांत अभ्यास केला. योजना दोघांची, पण आजारपणामुळे व्हायगॉट्स्की गेले नाहीत. निरक्षर शेतकऱ्यांना विचारले गेले की अतिउत्तरेत जिथे बर्फ असते तिथली सर्व अस्वले पांढरी असतात, अमुक ठिकाण अतिउत्तरेत आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? अनेकांनी सांगितले की आम्ही तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीवर कसे बोलणार. थोडे शिकलेल्यांनी लगेच पांढरी असे उत्तर दिले. यातून शिक्षणाने विचाराची रीत बदलते हे दिसले, ते मोलाचेच. पण त्या मंडळींनी विचाराच्या खालच्या आणि वरच्या पायऱ्या अशी भाषा वापरली आणि शेतकरी खालच्या पायरीवर गेले. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही न देणे हा आमच्या मते अडाणीपणा नाही. आणि गंमत अशी की त्या काळच्या सोव्हिएत टीकाकारांनीही हा अभ्यास शेतकऱ्यांचा अपमान करणारा ठरवला, तो पुस्तकरूपाने येण्यासाठी 1974 उजाडावे लागले.

अखेरच्या वर्षांत व्हायगॉट्स्की वेड्यासारखे काम करत होते. मॉस्को आणि लेनिनग्राड अशा फेऱ्या, व्याख्याने, रुग्ण तपासणे, लिहिणे. वरून वैचारिक निष्ठेच्या चौकश्या सुरू झाल्या होत्या, परदेशी शास्त्रज्ञांचे फार दाखले देतात असा ठपका होता. विचार आणि भाषा यांवरील मुख्य ग्रंथाचे शेवटचे प्रकरण त्यांनी सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेतले. 11 जून 1934 रोजी क्षयरोगानेच त्यांचे निधन झाले, वय सदतीस. तो ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर आला.

दोन वर्षांनी, 4 जुलै 1936 रोजी, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने बालविकासाच्या त्या संपूर्ण शास्त्रावर बंदी घातली. आरोप असा की चाचण्या लावून कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांना मंद ठरवले जाते आणि विशेष शाळांत ढकलले जाते. तक्रार खोटी नव्हती. पण ज्याने त्या चाचण्यांचा अपुरेपणा उघडा पाडला, त्याचीही पुस्तके त्याच हुकुमात गाडली गेली. वीस वर्षे त्यांच्या ग्रंथांचे पुनर्मुद्रण झाले नाही.

1956 मध्ये मॉस्कोत त्यांचे लेखन पुन्हा छापले गेले. 1962 मध्ये मुख्य ग्रंथाचा बरीच काटछाट केलेला इंग्रजी अनुवाद अमेरिकेत निघाला आणि त्याच वेळी, मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, पियाजे यांनी व्हायगॉट्स्की यांच्या टीकेला उत्तर लिहिले, त्यातले बरेचसे मान्य करून. मधली सगळी वर्षे हस्तलिखिते कुटुंबाने घरात सांभाळून ठेवली होती. वडील गेले तेव्हा नऊ वर्षांची असलेली थोरली मुलगी गीता पुढे मानसशास्त्रज्ञ झाली आणि वडिलांनी ज्या क्षेत्राचा पाया घातला होता, त्याच विशेष मुलांच्या शिक्षणात तिने आयुष्यभर काम केले.